कल्हई, लाख आणि मोटारीचें पारदर्शक कवच

नवी मोटार घरीं आली कीं तिची पूजा होते, बॉनेटावर कुंकवाचें स्वस्तिक उमटतें, चाकाखालीं लिंबू ठेवलें जातें, आणि मग मालकाच्या मनांत पहिली चिंता उत्पन्न होते ती रंगाची. यंत्र बिघडलें तर तें दुरुस्त करणारा कारागीर मिळतो. परंतु नव्या रंगावर पहिला ओरखडा उठला म्हणजे मोटार जुनी झाल्याचें जणुं जगजाहीर होतें. या चिंतेवर हल्लीं जो उपाय सुचविला जातो, तो म्हणजे संबंध मोटारीवर पॉलियुरेथेनचा पारदर्शक पापुद्रा कुशल कारागिराकडून बसवून घेणें. ‘पेंट प्रोटेक्शन फिल्म’ हें त्याचें पूर्ण नांव. लोकव्यवहारांत तें ‘पीपीएफ’ एवढेंच उरलें आहे. ज्या पिढीस हीं अक्षरें इ. स. १९६८ पासून चालत आलेल्या भविष्यनिर्वाह निधीचीं म्हणून ठाऊक आहेत, तिची येथें थोडी गंमत होते. “पीपीएफमध्यें लाख रुपये घातले,” असें एखाद्या तरुणानें सांगितलें, तर वडील मंडळी त्याची पाठ थोपटतात. आणि तो बोट दाखवितो अंगणांतल्या मोटारीकडे! एक पीपीएफ वर्षानुवर्षें वाढतो, दुसरा वर्षानुवर्षें झिजतो. परंतु हें झिजणें त्याचा दोष नसून तोच त्याचा धर्म आहे, आणि हा धर्म आपल्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

जालना जिल्ह्यांत ही चिंता अगदींच निराधार नाहीं. १ मे १९८१ रोजीं औरंगाबाद जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा बियाणें, मोसंबी आणि लोखंडी सळया यांसाठीं प्रसिद्ध आहे. त्याच्या जालना व बदनापूर तालुक्यांतून आतां मुंबई-नागपूरचा समृद्धि महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटरांचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. एरवीं खड्डे चुकवीत ताशीं पन्नास-साठ किलोमीटरांनीं जाणारी मोटार येथें १२० च्या मर्यादेपर्यंत धांवते. वेग दुप्पट झाला कीं आघातांतील ऊर्जा चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा साधा नियम आहे. म्हणून पुढच्या मालमोटारीच्या चाकाखालून उडालेला हरभऱ्याएवढा खडा देखील बॉनेटावरील रंगाचा टवका उडवूं शकतो. आणि खालचें लोखंड एकदां उघडें पडलें कीं गंजास वाट सांपडते. त्यांत भर म्हणून वैशाखांतलें ऊन, पक्ष्यांची विष्ठा, काळ्या मातीची बारीक धूळ आणि ती धूळ कोरड्या फडक्यानें पुसण्याची आपली संवय! पुसतांना धुळीचे कण कांचकागदासारखे रंगावरून फिरतात, आणि मग उन्हांत पाहिलें असतां कोळ्याच्या जाळ्यासारखीं वर्तुळें दिसूं लागतात.

ज्याचें रक्षण करावयाचें तो रंग तरी केवढा जाड? मिलिमीटराचा सहस्रांश म्हणजे मायक्रॉन. कारखान्यांतून निघालेल्या मोटारीवरील रंगाचे सर्व थर मिळून साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यावर बसविला जाणारा पापुद्रा बहुधा १५० ते २०० मायक्रॉनांचा असतो. म्हणजे राखणदार धन्याहून जाड! हें विचित्र वाटतें. परंतु रंग हा देखील मुळांत राखणदारच आहे, याचा आपणांस विसर पडलेला असतो. मोटारींच्या आरंभकाळीं घोड्यांच्या बग्ग्या रंगविणारे कारागीरच मोटारी रंगवीत. तेलाच्या व्हार्निशाचे हातांवर हात देत आणि प्रत्येक हात वाळण्याची वाट पाहत. एका मोटारीच्या रंगास कित्येक आठवडे लागत. इ. स. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें आपल्या ओकलंड मोटारींवर ड्यूपाँटचा ‘ड्यूको’ हा शीघ्र वाळणारा रंग वापरला, आणि आठवड्यांचें काम तासांवर आलें. पुढें रंगाच्या थरावर निराळा पारदर्शक थर देण्याची रीति रूढ झाली, व १९८० नंतर ती सर्वसामान्य मोटारींपर्यंत पोंचली. आज ज्यास आपण मोटारीची चकाकी म्हणतों, ती या वरच्या थराची आहे. तेव्हां पीपीएफ म्हणजे राखणदारावर बसविलेला दुसरा राखणदार होय.

ही कल्पना मात्र अमेरिकेंतून आलेली नाहीं. तांब्यापितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकतात, हें ज्या घरांत ठाऊक होतें, त्या घरांत कल्हईचें तत्त्वही ठाऊक होतें. मराठवाड्याच्या खेडोपाडीं कल्हईवाला येई, झाडाखालीं खळगा करून भाता लावी, भांडें निखाऱ्यांवर तापवी, आंत नवसागराची पूड टाकी. पांढरा धूर उठे, कथलाची कांडी टेकतांच वितळे, आणि कापसाच्या बोळ्याचा एक फेरा होतांच काळवंडलेलें पातेलें रुप्यासारखें उजळे. नवसागर धातूवरील मळ काढून टाकतो म्हणून कथील तेथें चिकटतें. कथील २३२ अंश सेंटिग्रेडला वितळतें म्हणून तें साध्या भट्टीवर साधतें. कल्हईवाल्यास हे आंकडे ठाऊक नसत; परंतु भांडें किती तापलें हें त्याच्या डोळ्यांस कळे. कल्हई कायमची असते, असा भ्रम मात्र कोणी बाळगीत नसे. ती झिजे आणि भांडें राही. वर्षा-सहा महिन्यांनीं पुन्हां आरोळी येई आणि भांडीं पुन्हां बाहेर निघत. जें झिजावयाचें तें वरचें, जें टिकावयाचें तें आंतलें, ही वांटणी स्वयंपाकघरांतील प्रत्येक स्त्रीस मान्य होती.

ही वांटणी विसरल्यानें काय होतें, याचें उदाहरण जालन्याच्या शेजारींच आहे. जिल्ह्याच्या उत्तरेस भोकरदन व जाफराबाद तालुक्यांकडे अजिंठ्याची डोंगररांग पसरली आहे. भोकरदन तालुक्यांतील असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं इंग्रज आणि मराठे यांची घनघोर लढाई झाली, तेव्हां वेल्स्लीनें आपल्या जखमी शिपायांसाठीं इस्पितळ उघडलें तें अजिंठा गांवींच. जवळच्या दरींतील लेणीं मात्र इंग्रजांच्या दृष्टीस १८१९ सालीं, एका शिकारीच्या निमित्तानें, पडलीं. त्यानंतर तेथील चित्रांच्या प्रती करण्यासाठीं मद्रास फौजेंतील रॉबर्ट गिल १८४४ पासून आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून खपले. गिलच्या बहुतेक प्रती १८६६ मध्यें लंडनजवळच्या स्फटिकमहालांत, आणि ग्रिफिथ्सच्या बऱ्याचशा १८८५ मध्यें साउथ केन्सिंग्टन येथें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. प्रती जळाल्या, पण त्या करतांना पुसट रंग उठून दिसावे म्हणून मूळ चित्रांवर जो व्हार्निशाचा हात फिरविला गेला होता, तो भिंतींवर राहिला.

पुढें निजाम सरकारच्या पुराणवस्तु खात्यानें, गुलाम यझदानी हे त्याचे प्रमुख असतांना, लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांस पाचारण केलें. १९२० ते १९२२ या काळांत त्यांनीं सुटूं लागलेला गिलावा पक्का केला, निखळणाऱ्या कडा सांधल्या, आणि रक्षणार्थ चित्रांवर लाखेचा पारदर्शक लेप दिला. त्यांच्या पहिल्या कामाचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. कित्येक चित्रें त्यामुळें भिंतीवर उरलीं. दुसऱ्या कामानें मात्र पुढील पिढ्यांस कोडें घातलें. लाख नवी असतांना स्पिरिटांत सहज विरघळते. जुनी होत जाते तशी ती पिवळी पडते, कडक होते आणि विरघळेनाशी होते. शिवाय ती आकसली कीं खालच्या रंगाचे पोपडे आपल्याबरोबर उचलते. अजिंठ्याचा रंग मातीच्या गिलाव्यावर हलक्या हातानें दिलेला आहे. त्यास ही ओढ कशी सोसावी? ज्या निळ्या-हिरव्या छटांसाठीं जग तेथें येतें, त्यांवर तपकिरी झांक चढली. निजामाचें राज्य गेल्यावर भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनीं हा लेप तसूतसूनें उतरविण्याचें काम हातीं घेतलें. लेप देण्यास दोन हंगाम लागले. तो काढण्यांत अनेक दशकें गेलीं. लेप देणाऱ्यांचा हेतु शुद्ध होता आणि हातही सराईत होता. चुकला तो एकच विचार: आपण आज जें चढवीत आहोंत, तें उद्यां कोणास उतरवितां येईल काय?

मोटारीच्या पापुद्र्याचा इतिहास याच प्रश्नाभोंवतीं फिरतो. व्हिएतनामच्या युद्धांत हेलिकॉप्टरचीं पातीं वाळूच्या माऱ्यानें झिजत. त्यांच्या कडांवर चिकटविण्यासाठीं अमेरिकेंतील थ्री-एम कंपनीनें पॉलियुरेथेनची चिवट पट्टी तयार केली. ती पुढें शर्यतींच्या मोटारींवर आली आणि तेथून घरगुती मोटारींवर. मध्यंतरीं अमेरिकेंत मोटारीच्या तोंडावर कातड्यासारख्या व्हिनाइलचें आच्छादन ताणून बसविण्याची चाल पडली होती. परंतु त्याखालीं धूळ आणि ओल सांचून रंगच घासला जाई. चिकटणारा पापुद्रा त्याहून सरस ठरला, तरी आरंभींचे पापुद्रे उन्हानें पिवळे पडत. अजिंठ्याच्या लाखेचेंच हें भावंड! पॉलियुरेथेनच्या ॲरोमॅटिक जातीवर सूर्याच्या जंबुपार किरणांचा परिणाम लवकर होतो; म्हणून आतां ॲलिफॅटिक जात वापरतात आणि वर एक लवचिक थर देतात. या थरावरील बारीक ओरखडे उन्हाच्या उबेनें आपोआप बुजतात. खोल जखम मात्र बुजत नाहीं, मग विक्रेता कांहींही सांगो.

हा पापुद्रा बसविणें हें कल्हईइतकेंच हातोटीचें काम आहे. मोटार प्रथम धुतात. नंतर विशिष्ट मातीसारख्या गोळ्यानें रंगांत रुतलेले लोहकण आणि डांबर काढतात. ओरखडे असल्यास पॉलिश करतात, कारण पारदर्शक कवचाखालीं दोष झांकला जात नाहीं, तो तसाच कोंडला जातो. मग साबणाचें पाणी फवारून पापुद्रा पसरतात. पाण्यामुळें तो सरकवितां येतो, आणि जागीं बसला कीं रबरी पट्टीनें पाणी मध्याकडून कडांकडे लोटून काढतात. वळणांवर उष्ण हवेनें तो नरम करून ताणतात आणि कडा दाराच्या आंत मुरडतात. खोली बंद व धूळरहित हवी. धुळीचा एक कण खालीं अडकला तर तो बांगडींतल्या खड्यासारखा कायम चमकतो. सगळ्यांत मोठी परीक्षा सुरीची. पापुद्रा मोटारीवरच कापणारा कारागीर सराईत नसेल, तर ज्या रंगाच्या रक्षणासाठीं पैसे मोजले, त्यावरच सुरीची रेघ उमटते, आणि ती दिसते कांहीं वर्षांनीं, पापुद्रा काढल्यावर. कल्हईवाल्याचें वाईट काम आठ दिवसांत कळे. याचें कळेपर्यंत पावतीही हरवलेली असते.

म्हणून मालकानें विचारावयाचा पहिला प्रश्न ‘किती चकाकेल?’ हा नसून ‘कसा निघेल?’ हा असला पाहिजे. पॉलियुरेथेनच्या नांवाखालीं स्वस्त पीव्हीसी विकलें जातें; तें लवकर ताठरतें, पिवळें पडतें आणि काढतांना तुकडे होऊन डिंक मागें सोडतें. मोटार पूर्वीं बाहेर रंगवून घेतलेली असेल, तर तो रंग पापुद्र्याबरोबर उचलला जाण्याचें भय असतें. मातीच्या गिलाव्यावरील रंगाची जी गत, तीच त्याची. अस्सल पापुद्रा देखील पांच ते दहा वर्षांत काढून टाकावयाचा असतो. मुदत उलटल्यावर, ‘अजून बरा दिसतो’ म्हणून तो ठेवणें म्हणजे झिजलेल्या कल्हईच्या भांड्यांत ताक ठेवणें होय. खर्चाचाही विचार हवा. संबंध मोटारीचा खर्च आज सहज लाखाच्या घरांत जातो. खड्यांचा मारा बंपर, बॉनेट आणि आरसे यांवर मुख्यतः होतो. ज्याचा नित्य प्रवास महामार्गावरचा आहे, त्यानें तेवढेच भाग झांकले तरी बरेंचसें काम साधतें. ज्याची मोटार आठवड्यांतून एकदां बाजारापर्यंत जाते, त्यानें मऊ ओलें फडकें आणि अंगणांतील सांवली यांवर विश्वास ठेवावा. उरलेले पैसे दुसऱ्या पीपीएफमध्यें घालण्यास कोणाची हरकत नसावी.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतींत रात्रंदिवस भट्ट्या पेटलेल्या असतात आणि भंगार वितळून त्याच्या सळया बनतात. भंगारांत निघालेल्या मोटारीचा रंग कोणता होता, हें त्या भट्टींत कोणी पाहत नाहीं. मोटार ही अशी कधींना कधीं वितळणारी वस्तु आहे; तिच्यावरील कवच चुकलें तर मालकाचे पैसे बुडतात आणि गोष्ट तेथेंच संपते. परंतु देवळांतील मूर्तींवर चढणारे लेप, वाड्यांच्या जुन्या लांकडावर चोपडला जाणारा ऑइलपेंट, भित्तिचित्रांवर ओतलें जाणारें व्हार्निश यांचें तसें नाहीं. तेथें बुडालेलें पुन्हां विकत मिळत नाहीं. मोटारवाला आपल्या पापुद्र्याविषयीं तो निघेल कसा, निघतांना कशास धक्का लावील, अशी चौकशी करूं लागला आहे. आपल्या गांवच्या मूर्तीस नवा लेप चढण्यापूर्वीं तेवढीच चौकशी कोणी तरी केली पाहिजे.