कॅमशाफ्टची निवड (ड्रॅग शर्यतीचे एंजिन)
अमेरिकेतील ड्रॅग शर्यतीत, जेथे परंपरेने पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे, सरळ अंतर स्थिर अवस्थेतून निघून काही सेकंदांत कापावयाचे असते, तेथे झडपा केव्हा उघडाव्या, किती उचलाव्या व केव्हा मिटाव्या याचा सारा अंमल क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरणाऱ्या कॅमशाफ्टकडे असतो. अंतर्गामी झडप उशिरा मिटविणारा कॅम उच्च वेगात सिलिंडर अधिक भरतो. परंतु मंद वेगात वर चढणारा दट्ट्या आत आलेले मिश्रण परत लोटतो, म्हणून संपीडन-गुणोत्तर वाढविल्यावाचून असा कॅम बसविणे व्यर्थ होय. निरनिराळे कॅम ताडताना टॅपेटच्या ०.०५० इंच उचलीवर मोजलेला झडप उघडी राहण्याचा कालावधीच प्रमाण मानावा. सर्वांत मोठा कॅम मागविण्याचा नवशिक्याचा मोह घातक आहे. वाहनाचे वजन, गिअर-गुणोत्तर व झडप-स्प्रिंगांची ताकद यांची खातरजमा करूनच निवड करावी.