लपण्याचा खर्च

आजच्याच शहरात, आपल्याच रस्त्यांवर कुणाला न दिसणारं दुसरं जग नांदतं आहे, ही कल्पना सुचायला अवघड नाही. अवघड आहे ती टिकवणं. कादंबरीकाराला एक सोय असते. वाचक त्याने आखलेल्या वाटेनेच जातो, आणि ज्या दारामागे काहीच रचलेलं नाही तिकडे लेखक त्याला फिरकू देत नाही. खेळात ही सोय नसते. चार-पाच जण कागद, पेन्सिल, फासे घेऊन टेबलाभोवती बसतात, एक जण सूत्रधार होतो, बाकीचे आपापल्या पात्रांच्या वतीने निर्णय घेतात, आणि कुणीतरी विचारतोच: मी हे सगळं वर्तमानपत्राला कळवलं तर? या प्रश्नाला ‘ते गुप्त आहे’ हे उत्तर चालत नाही. कोण लपवतंय, कशासाठी, आणि त्याचा भार कुणावर पडतोय, हे सांगावं लागतं. आधुनिक काळात घडणाऱ्या अद्भुत खेळांचा गेल्या चार दशकांचा इतिहास मला या भाराचाच इतिहास वाटतो. गुप्त जग खरं वाटायचं तर लपण्याची किंमत तिथे कुणीतरी रोज मोजताना दिसली पाहिजे. चमत्कार किती भव्य आहेत याने फारसा फरक पडत नाही.

१९८१ साली केओसियम या अमेरिकी कंपनीने सँडी पीटरसन यांचा ‘कॉल ऑफ कथुलू’ प्रसिद्ध केला. एच. पी. लव्हक्राफ्टच्या भयकथांवर बेतलेल्या, १९२० च्या दशकात घडणाऱ्या या खेळात पात्राच्या मानसिक तोलालाच आकडा दिलेला होता. गूढ जितकं उलगडेल तितका तो आकडा घटतो. ज्याला सगळं कळतं तो वेडा ठरतो, म्हणून त्याचं कुणी ऐकत नाही, म्हणून गुपित गुपितच राहतं. युक्ती पक्की आहे, पण तिथे किंमत फक्त शोधणारा मोजतो. समुद्रतळाशी निजलेल्या देवतेला माणसांपासून लपण्याची गरजच नाही. शेजारच्या इमारतीत राहणारं, घरभाडं भरणारं गुप्त जग या पायावर उभं राहत नाही.

ते उभं राहिलं १९९१ मध्ये. व्हाइट वुल्फ या कंपनीने मार्क राइन-हेगन यांचा ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ बाजारात आणला. यात खेळाडू स्वतःच रक्तपिपासू असतात, आणि त्यांच्या समाजाला सहा नियमांचं बंधन असतं. पहिला नियम असा की आपलं अस्तित्व माणसांना कळू द्यायचं नाही. उरलेले पाच वरवर वेगळे वाटतात, पण बारकाईने पाहिलं तर ते पहिल्याच नियमाची अंमलबजावणी करतात. प्रत्येक इलाख्याला एक अधिपती. त्याच्या परवानगीशिवाय नवा व्हॅम्पायर करायचा नाही. केलाच, तर तो स्वतंत्र होईपर्यंत त्याच्या चुका करणाऱ्याच्या माथी. परक्या शहरात पाऊल ठेवताच तिथल्या अधिपतीपुढे हजर व्हायचं. आणि आपल्यापैकी कुणाचा जीव घेण्याचा अधिकार फक्त वडीलधाऱ्यांना. ही व्यवस्था जमीनदारी वळणाची आणि जुलमी आहे, पण ती का टिकली हे लगेच पटतं: एकाच्या बेफिकिरीने सगळ्यांचा जीव जाऊ शकतो.

या खेळातली माझ्या मते सर्वांत कसबी गोष्ट मात्र सहज नजरेतून सुटते. शहरात साधारण एक लाख माणसांमागे एक व्हॅम्पायर असावा, असं प्रमाण खेळात सुचवलेलं आहे. १९९० च्या जनगणनेत शिकागोची लोकसंख्या सुमारे २८ लाख होती, म्हणजे २८ व्हॅम्पायर. नियमांनुसार व्हॅम्पायरला दर रात्री रक्ताचा एक अंश लागतो, आणि माणसाच्या अंगात असे दहा अंश असतात. जीव घेऊनच भूक भागवायची असती, तर एकाला वर्षाला छत्तीस माणसं लागली असती आणि २८ जणांना हजाराच्या आसपास. शिकागोत १९९१ साली झालेल्या एकूण खुनांचा आकडा नऊशेच्या थोडा पुढे होता. खुनांची संख्या दुप्पट झालेली कोणत्या पोलिसांच्या नजरेतून सुटेल? म्हणून खेळात आणखी दोन नियम येतात. रक्त पिताना सावजाला वेदना होत नाहीत, उलट सुखाची गुंगी येते. आणि जखमेवरून जीभ फिरवली की ती बुजते. वाचताना हे शृंगारिक तपशील वाटतात, पण सगळं लपणं यांच्यावर तोललेलं आहे. भूक अनावर झाली की जो तोल जातो तो याच हिशेबाचा, आणि खेळातलं नाट्य नेमकं तिथे घडतं.

पहिल्या पुस्तकाने नमुना म्हणून निवडलेलं शहरही असंच बोलकं आहे: इंडियाना राज्यातलं गॅरी. १९०६ मध्ये युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीने वसवलेल्या या पोलादनगरीत १९६० ला पावणेदोन लाखांहून जास्त लोक होते. १९९० पर्यंत ते एक लाख सतरा हजारांच्या आत आले. कामं गेली, घरं ओस पडली. समाजाने जिथून लक्ष काढून घेतलं आहे, तिथे लपणं स्वस्त पडतं. त्या खचलेल्या शहरावर हक्क सांगणारा खेळातला अधिपती मोडियस हा शेजारच्या शिकागोच्या तुलनेत किरकोळच आहे, आणि म्हणूनच तो खरा वाटतो.

यावर कुणी म्हणेल की यात नवं काय. ॲन राइस यांची ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ १९७६ सालीच आली होती. ऋण आहेच, आणि ते मोठं आहे. पण कादंबरीला एका जिवाचं दुःख पुरतं. शेकडो टेबलांवर, एकमेकांना न ओळखणाऱ्या सूत्रधारांच्या हाती तेच जग सुसंगत राहायचं तर कायदा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माणसं विसरतात असं ठरवून टाकलं की झालं, एवढा खटाटोप कशाला? याच कंपनीच्या १९९२ च्या ‘वेअरवुल्फ’मध्ये तसंच आहे. लांडगामानव उग्र रूपात दिसला की सामान्य माणूस भयाने बेभान होतो आणि नंतर पाहिलेलं नाकारतो. ही पळवाटच ठरली असती. ती तशी वाटत नाही, कारण त्या भयाला खेळाने भूतकाळ दिला: लांडगामानवांनी हजारो वर्षं माणसांच्या टोळ्या हिंस्रपणे आटोक्यात ठेवल्या, आणि ती दहशत पिढ्यान्‌पिढ्या रक्तात उतरली. किंमत मोजलेली आहे, फक्त ती आधीच आणि माणसांनी मोजली. १९९३ च्या ‘मेज’ने त्याहून धाडसी मांडणी केली. तिथे वास्तव म्हणजे बहुसंख्यांचा विश्वास. उघड जादू केली की ते वास्तवच जादूगारावर उलटतं, आणि पाहायला साक्षीदार असले तर आणखी जोरात.

तिसरा आक्षेप काळाने घेतला. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यावर हे सगळं कसं टिकणार? २०१८ मध्ये ‘व्हॅम्पायर’ची पाचवी आवृत्ती आली, आणि तिने हा प्रश्न टाळला नाही. व्हॅम्पायरांचं गुप्त संगणकीय जाळं गुप्तहेर संस्थांच्या हाती लागलं, धरपकड आणि संहार सुरू झाला, आणि जुन्या सत्ताधाऱ्यांनी आपल्या लोकांना इंटरनेट बंद केलं, अशी कथा तिने रचली. गुपित थोडं फुटू दिल्याने जग अधिक विश्वसनीय झालं, कारण खर्च एकदम वाढला आणि तो पात्रांच्या खिशातूनच गेला.

पण त्याच वर्षी, त्याच आवृत्तीच्या एका पूरक पुस्तकात हा हिशेब फार वाईट रीतीने चुकला. चेचन्यात समलिंगी पुरुषांना पकडून छळलं जात असल्याचं ‘नोवाया गाझेता’ या रशियन वृत्तपत्राने एप्रिल २०१७ मध्ये उघड केलं होतं. पुस्तकातल्या मजकुराने त्या छळाला व्हॅम्पायरांची सत्ता झाकण्यासाठीचा देखावा ठरवलं. अद्भुत कथा खऱ्या इतिहासावर उभ्या राहतातच, याच खेळाने पंधराव्या शतकातलं धर्मन्यायालय वापरलं आहे, मग हेच का नको, असा बचाव करता येईल. मला तो मान्य नाही. त्या जुन्या प्रकरणात छळणारे माणूसच राहतात आणि त्यांचा दोष त्यांच्याकडेच राहतो. इथे चालू असलेल्या अत्याचाराचं कर्तेपण खऱ्या गुन्हेगारांकडून काढून काल्पनिक प्राण्यांना दिलं गेलं, आणि लपण्याची किंमत खेळाबाहेरच्या, त्या वेळी कोठडीत असलेल्या माणसांच्या नावावर टाकली गेली. कारागिरी म्हणूनही हे हलकं काम होतं. गॅरीची पडझड खेळाने वापरली, पण तिचं कारण बदललं नाही. पोलादाचा धंदा बसला म्हणूनच ते शहर खचलं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हाइट वुल्फची मालक असलेल्या पॅराडॉक्स इंटरॲक्टिव्ह या स्वीडिश कंपनीने माफी मागितली, व्हाइट वुल्फचा स्वतंत्र कारभार संपवला, आणि चेचन्यावरचा मजकूर पुस्तकातून काढला.