कोनता गावना भो?

इतिहास म्हटला की तलवार आली, तह आला आणि सनावळी तर आलीच. शाळेत आम्हांला जो इतिहास शिकवला, त्यात माणसं एकमेकांशी दोनच वेळा बोलत : लढाईच्या आधी धमकी द्यायला आणि लढाईनंतर तह करायला. मधल्या काळात ही मंडळी काय करत होती कोण जाणे! बहुधा गप्प बसून पुढच्या लढाईची वाट पाहत असावीत.

खानदेशचा इतिहास मात्र असा लिहिता यायचा नाही. खानदेशात गप्प बसणं हे दुखण्याचं लक्षण समजतात. एखादा माणूस ओट्यावर पाच मिनिटं न बोलता बसला, तर घरातून कुणीतरी येऊन त्याच्या कपाळाला हात लावून बघतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तरी बोलण्याला खंड नाही. उलट, उन्हानं काम थांबलेलं असतं, तेव्हा बोलायला वेळच वेळ.

आणि बोलणं सुरू व्हायला ओळख लागते, ही समजूतही इकडे नाही. ओळख ही बोलण्यातून निघायची गोष्ट. आधी कुठून आणायची? पहिला प्रश्न ठरलेला : ‘कोनता गावना भो?’ म्हणजे, बाबा रे, तू कुठल्या गावचा? गाव सांगितलं की त्या गावातलं एक घर विचारायचं. ते घर माहीत असलं की तुम्ही पाहुणे झालात. माहीत नसलं तर दुसरं घर. तिसऱ्या घरापर्यंत कुणाचा तरी मावससासरा निघतोच. न निघाला, तर तो दोष गावाचा नव्हे, तुमचा. आपल्याच गावची माणसं ठाऊक नाहीत म्हणजे काय!

ज्याला ही विद्या शिकायची असेल, त्यानं जळगावहून धुळ्याला एसटीनं जावं. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडेपर्यंत गाव आणि पाहुणे उरकतात. एरंडोलपर्यंत शेजारच्या माणसाची जमीन किती, तीत कपाशी किती आणि विहिरीला पाणी किती हे कळतं. पारोळ्यापर्यंत सुनेचा स्वभाव. पुढं धुळं दिसू लागलं की गृहस्थ खालच्या आवाजात रक्तदाबाच्या गोळ्यांवर येतात. हा क्रम सहसा चुकत नाही. दुःख हे खानदेशी माणूस शेवटच्या थांब्याजवळ सांगतो. मग उतरायचं असतं, त्यामुळे रडायला वेळ राहत नाही.

नवख्याची थोडी पंचाईत होते ती भाषेनं. ‘मन्हा आंडोर पुनामा शे,’ असं एखाद्या आजोबांनी अभिमानानं सांगितलं, की नवखा ‘शे’ ऐकून हिशेब करू लागतो : कसले शे? रुपये शे, की एकर शे? आजोबा बिचारे एवढंच सांगत असतात, की माझा मुलगा पुण्यात आहे. ‘शे’ म्हणजे आहे, आणि ‘मा’ म्हणजे मध्ये. ही अहिराणी. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत हिचं राज्य. गुजराती म्हणते माझी, मराठी म्हणते माझी. आणि ग्रिअर्सनसाहेबानं १९०७ साली छापलेल्या भाषांच्या मोठ्या पाहणीत तिला भिल्ली भाषांच्या खंडात जागा दिली. तिन्ही घरांतून बोलावणं आलेली अशी दुसरी सासुरवाशीण मला तरी माहीत नाही.

जळगावच्या पूर्वेकडे सरकलं की ‘शे’ मागं पडतं आणि लेवा बोली सुरू होते. बाहेरची माणसं या दोन्ही बोलींना सरसकट अहिराणी म्हणून मोकळी होतात. आणि इथंच मला ज्या बाईंबद्दल सांगायचंय, त्यांचा प्रवेश होतो.

१९३६ हे साल जळगाव जिल्ह्याला बोलण्याच्या दृष्टीनं फार सुगीचं गेलं. त्या वर्षी जळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष कोण, तर माधव जूलियन, म्हणजे ‘छंदोरचना’ लिहिणारे, मराठी छंदांची मात्रा न् मात्रा मोजलेले पंडित. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. म्हणजे एका वर्षात एका जिल्ह्यानं साहित्यातले वक्ते ऐकले आणि राजकारणातलेही ऐकले. व्याख्यानं, ठराव, उपसूचना, आभार! एवढं बोलणं झालं, की केळीच्या बागांनीसुद्धा कान टवकारले असतील.

आणि त्या सबंध वर्षात, जळगाव गावातच, पंचावन्न-छप्पन्न वर्षांची एक विधवा बाई जातं ओढीत होती, शेतात राबत होती आणि राबता राबता ओव्या रचत होती. तिला लिहिता येत नव्हतं, वाचता येत नव्हतं. आसोद्याची माहेरवाशीण, जन्म १८८०चा, तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य. जातं, चूल, शेत, माहेर, सुगरणीचा खोपा, माणसाचं मन हे तिचे विषय. छंदांचा सर्वांत मोठा जाणकार त्या गावात येऊन गेला, आणि छंद तिथंच कुठंतरी जात्याभोवती फिरत होता. दोघांची गाठ पडली नाही. यात माधव जूलियन यांचा काय दोष? संमेलनाची निमंत्रणं जात्यापर्यंत पाठवायची पद्धत तेव्हा नव्हती. आज आहे असंही नाही.

बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. त्यांच्या कविता छापून आल्या त्या १९५२ साली. मुलगा सोपानदेव, जो स्वतः कवी होता, आणि एक मावसभाऊ, या दोघांनी आईच्या तोंडून निघालेलं वेळोवेळी वहीत उतरवून ठेवलं होतं. ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे हरखून गेले. त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि मराठी वाचकांना एक सबंध कवयित्री एकदम मिळाली. त्या वेळी ती हयात नव्हती.

आता, बहिणाबाईंचं कौतुक सगळ्यांनी केलं आहे आणि ते करायलाच हवं. मला मात्र कौतुक वाटतं ते त्या वहीचं. विचार करा. सोपानदेव शिकलेले. प्रमाण मराठीत कविता करणारे. समोर आई तिच्या बोलीत बोलतेय. शिकलेल्या पोराचा हात अशा वेळी किती शिवशिवत असेल! ‘आई, असं नाही गं, असं म्हणतात,’ हे वाक्य प्रत्येक शिकलेल्या पोरानं आपल्या आईला एकदा तरी ऐकवलेलं असतं. त्यानंतर आई त्या पोराशी जपून बोलू लागते, आणि पुढं पुढं फक्त ‘जेवलास का’ एवढंच विचारते. सोपानदेवांच्या वहीत आईची बोली बोलीच राहिली. तिला शहाणं करण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. एवढ्या एका संयमावर मराठी कविता किती श्रीमंत झाली!

खानदेशच्या इतिहासात हे एकदाच घडलं असतं, तर मी त्याला योगायोग म्हटलं असतं. पण त्या संमेलनाच्या चार वर्षं आधी, धुळ्याच्या तुरुंगात, हेच घडलं होतं. १९३२ साल. सत्याग्रहाच्या चळवळीत सरकारनं माणसं पकडून आत घातली होती. त्यांत विनोबा होते. सरकारची कल्पना अशी असावी, की आत घातलं म्हणजे बोलणं बंद होतं. धुळ्यात असली कल्पना करणं म्हणजे सरकारला जिल्ह्याची माहिती नव्हती हेच खरं. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार आले. गीतेचे अध्यायही अठराच. दर रविवारी एक अध्याय, असं विनोबा कैद्यांपुढं बोलत गेले. बाहेर धुळ्याचा उन्हाळा, आत कर्मयोग.

आणि ऐकायला बसलेल्यांत एक मास्तर होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिकवून, नोकरी सोडून चळवळीत आलेला. कोकणात पालगडला जन्मलेला, पण खानदेशानं ‘कोनता गावना?’ विचारून आपलासा केलेला. साने गुरुजी. टेपरेकॉर्डर नाही, लघुलेखक नाही. गुरुजी भराभर लिहून घेत. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्यापुढं आहे, ते त्यांच्या हातामुळं. गुरुजी म्हणजे काही कोरडा कारकून नव्हे. त्यांचं मन भरून यायला निमित्त लागत नसे. स्वतःचे शब्द तर ओंजळीनं वाहत होते. असा माणूस अठरा रविवार दुसऱ्याचे शब्द दुसऱ्याचे म्हणून लिहून घेतो, स्वतःचा हुंदकासुद्धा मध्ये घालत नाही, याला तपश्चर्या म्हणायचं नाही तर काय?

गंमत पुढंच आहे. विनोबांनी गीता मराठीत आणली ती कशामुळं? आईमुळं. संस्कृत गीता समजत नाही, मराठीत सोपी आण, आणि दुसरा कुणी नसेल तर तूच कर, असं तिनं म्हटलं होतं. त्या माउलीचं बोलणं मुलाच्या मनात वर्षानुवर्षं राहिलं आणि १९३०-३१ मध्ये ‘गीताई’ झाली. आणि लिहून घेणाऱ्या गुरुजींनी पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात काय लिहायला घेतलं? ‘श्यामची आई’. तेही कसं, तर रोज रात्री मित्रांना गोष्ट सांगितल्यासारखं. सोपानदेव, विनोबा, साने गुरुजी : तिघांच्या पुस्तकांच्या मुळाशी स्वयंपाकघरातलं बोलणं आहे. आई बोलली, पोरानं ऐकलं. जगात बोलणाऱ्या आया पुष्कळ आहेत. टंचाई आहे ती ऐकणाऱ्या पोरांची.

धुळ्याचा तिसरा मोठा ऐकणारा म्हणजे इतिहासाचार्य राजवाडे. हे नाव वाचून तुम्ही दचकाल, कारण राजवाड्यांची ख्याती ऐकून घेण्याबद्दल नसून ऐकवण्याबद्दल होती. त्यांचा राग महाराष्ट्रभर प्रसिद्ध. पण हाच माणूस जुन्या कागदांसाठी गावोगाव वणवण फिरला, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं बाहेर काढली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत छापली. माळ्यावरचं दप्तर काही दरडावून खाली येत नाही. त्यासाठी ओट्यावर बसावं लागतं, पाणी प्यावं लागतं, घरच्या म्हाताऱ्याची आठवण ऐकावी लागते. १९२६च्या शेवटच्या दिवशी राजवाडे धुळ्यात वारले. त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी तिथं राजवाडे संशोधन मंडळ निघालं. जिवंत माणसांशी भांडणारा हा पंडित मेलेल्या माणसांच्या पत्रांपुढं मात्र निमूट बसे.

एवढा सगळा इतिहास सांगायचं कारण वेगळंच आहे. पारोळ्याकडच्या एका खेड्यात एका मावशींच्या ओट्यावर मी बसलो होतो. समोर वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. मावशी तासभर अहिराणीत बोलत होत्या. पेरणी, लेकीचं बाळंतपण, नवऱ्याचं जाणं, सगळं. बोलता बोलता जनगणनेचा विषय निघाला. मी विचारलं, “मावशी, तुमची भाषा कोणती म्हणून सांगितली हो?”

“मराठी,” मावशी म्हणाल्या.

“अहो, पण आत्ता तुम्ही बोलताय ती?”

मावशींनी माझ्याकडे, लहान मुलाकडे बघावं तसं, बघितलं. “शिकेल मानूसना पुढे शिकेल भाषाच सांगनी पडस, भाऊ.” शिकलेल्या माणसापुढं शिकलेली भाषाच सांगावी लागते!

२००१च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे वीस लाखांवर होते. २०११ मध्ये ते साडेअठरा लाखांच्या घरात आले. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि भाषा दोन लाखांनी घटली. ही दोन लाख माणसं काही रेल्वेत बसून निघून गेलेली नाहीत. माझा आपला अंदाज, त्यांतली बरीचशी आपापल्या ओट्यावरच बसलेली असणार. समोर कुणी वही-पेन घेऊन आलं की तेवढ्यापुरती सावरून बसत असतील, इतकंच.

गिरणेच्या पुलाजवळ जे विद्यापीठ आहे, त्याला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव दिलं. जिला सही करता येत नव्हती, तिचं नाव आता हजारो पोरांच्या पदव्यांवर छापलं जातं. फार चांगलं झालं. पण त्यांतल्या एखाद्या पोरानं पदवीची भेंडोळी घेऊन घरी जावं आणि आजी ‘मन्हा नातू’ म्हणाली की ‘माझा म्हण गं’ असं सांगावं, तर त्या नावाचा काय उपयोग? आजीला दुरुस्त करणं सोपं आहे. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर ती जे सांगणार नाही, ते मात्र कुठल्याच ग्रंथालयात मिळायचं नाही.

तेव्हा कधी त्या एसटीत बसलात, तर कानातल्या त्या गुंड्या काढून खिशात ठेवा. शेजारचा विचारेलच, ‘कोनता गावना भो?’ गाव सांगा, आणि लगेच तोच प्रश्न त्याला विचारा. पुढं काही करायची गरज नाही. पारोळ्याच्या पुढं त्याचा आवाज खाली येईल. तेव्हा खिडकीबाहेर बघू नका.