चार हमालांचें गाणें

न्हाव्याच्या दुकानांत आपली पाळी येईपर्यंत चौघांनीं मिळून वाद्यांवांचून गावें, अशी अमेरिकेंत एक जुनी रीत होती. तिजवरून या गायकीस ‘बार्बरशॉप’ हें नांव पडलें. एकानें मूळ चाल धरावयाची, दुसऱ्यानें तिच्या वर गावयाचें, तिसऱ्यानें खर्ज सांभाळावयाचा आणि चवथ्यानें मधली जागा भरावयाची. चारी स्वर नेमके जुळले म्हणजे पांचवाही उमटल्याचा भास होतो.

ही कला लोपूं नये म्हणून १९३८ सालीं ओक्लाहोमांतील टल्सा शहरीं ओवेन कॅश व रूपर्ट हॉल यांनीं हौशी गायकांची संस्था काढली. पुढील वर्षापासून तिच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनावर लाल टोपी घालून उतारूंचें सामान वाहणाऱ्या चार कृष्णवर्णीय हमालांनीं ‘ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स’ हा संघ बनविला. १९४१ सालीं न्यूयॉर्कच्या स्पर्धेंत तो पहिला आला. परंतु सेंट लुई येथील राष्ट्रीय स्पर्धेचें दार संस्थेनें त्यांस बंद केलें. कारण केवळ वर्ण! निषेधार्थ माजी गव्हर्नर अल स्मिथ आणि उद्यानखात्याचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांनीं संस्थेचा राजीनामा दिला.

तो निर्बंध उठावयास १९६३ साल उजाडलें. पुढें १९९२ सालीं लिन ॲबट या संशोधकांनीं पुराव्यानिशीं दाखविलें कीं, या गायकीचीं मुळें कृष्णवर्णीयांच्याच समाजांत आहेत. ज्यांच्या अंगणांत हें रोप वाढलें, त्यांनाच बागेबाहेर उभें केलें होतें. गुणावर टाळ्या द्यावयाच्या आणि गुणवंतास उंबऱ्याबाहेर ठेवावयाचें, ही रीत आपणांसही अपरिचित नव्हती. म्हणून ही हकीकत दूरची मानूं नये.