शेरा कुठे संपतो, छळ कुठे सुरू होतो: एका रेषेची कुळकथा

कार्मिटा वुड यांनी ऑफिसची लिफ्ट वापरणं सोडून दिलं होतं. अमेरिकेतल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या अणुभौतिकीच्या प्रयोगशाळेत त्या आठ वर्षं प्रशासकीय काम करत होत्या. तिथला एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ कागद घ्यायच्या निमित्ताने अंगाला घसटायचा, त्यांच्या टेबलाजवळ उभा राहून अश्लील चाळे करायचा. नाताळच्या पार्टीच्या वेळी तर त्याने लिफ्टमध्ये गाठून जबरदस्तीने चुंबन घेतलं. तेव्हापासून त्या जिन्याने ये-जा करू लागल्या. मान आणि पाठ सतत दुखू लागली, उजव्या हाताचा अंगठा बधिर होऊ लागला. दुसऱ्या विभागात बदली मागितली, ती मिळाली नाही. १९७४च्या जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि बेकारी भत्त्यासाठी अर्ज केला. नोकरी का सोडली, याचं उत्तर काय लिहावं हे त्यांना सुचेना. शेवटी ‘वैयक्तिक कारण’ अशी नोंद झाली आणि भत्ता नामंजूर झाला.

कामाच्या जागी कुठला शेरा नुसता वाह्यात ठरतो आणि कुठल्या शेऱ्याला छळ म्हणायचं, या वादाचं मूळ त्या अर्जात आहे. समोरच्याच्या मनात काय होतं, हे तिथे कुणी विचारलं नव्हतं. चांगली चाललेली नोकरी एका बाईला का सोडावी लागली, एवढाच सवाल होता. पुढच्या पन्नास वर्षांत ही रेषा जेव्हा जेव्हा पुसट झाली, तेव्हा तेव्हा हाच मूळ सवाल बाजूला पडलेला दिसतो.

वुड मदत मागायला कॉर्नेलमध्येच स्त्रिया आणि काम या विषयावर शिकवणाऱ्या लिन फार्ली यांच्याकडे गेल्या. फार्ली आणि त्यांच्या सहकारी मैत्रिणींनी आपापले अनुभव ताडून पाहिले. प्रत्येकीने कधी ना कधी असंच काहीतरी सोसलं होतं, कित्येकींनी त्यापायी नोकरीही सोडली होती. या सगळ्याला नाव हवं होतं. बळजबरीपासून रोजच्या टोमण्यांपर्यंत सगळं ज्यात बसेल असं नाव शोधताना ‘सेक्शुअल हॅरॅसमेंट’वर एकमत झालं. ४ मे १९७५ रोजी इथाकात या विषयावर जाहीर सभा भरली. वेट्रेस, टायपिस्ट, कारखान्यातल्या कामगार बाया अशा कितीतरी जणी उठून बोलल्या.

न्यायालयं मात्र सहज बधली नाहीत. त्याच वर्षी ॲरिझोनातल्या एका न्यायालयाने दोन कर्मचारी स्त्रियांची तक्रार फेटाळली. वरिष्ठाचं वागणं हा त्याच्या व्यक्तिगत स्वभावाचा भाग आहे, त्याच्याशी कंपनीचा संबंध नाही, असा त्या निकालाचा सूर होता. ‘तो तसाच आहे, मनावर घेऊ नकोस’ हे आपल्याकडच्या ऑफिसांत रोज ऐकू येणारं वाक्य तिकडे निकालपत्रात लिहिलं गेलं होतं. ही भिंत फोडण्याचं बरंचसं श्रेय डायन विल्यम्स, पॉलेट बार्न्स, मिशेल विन्सन या कृष्णवर्णीय नोकरदार स्त्रियांकडे जातं. नोकरी पणाला लावून त्या कोर्टाची पायरी चढल्या. १९७९मध्ये कायद्याच्या अभ्यासक कॅथरीन मॅकिनन यांनी पुस्तक लिहून छळाचे दोन प्रकार मांडले. पहिल्यात बढती किंवा नोकरीच्या बदल्यात शरीरसंबंधाची मागणी होते. दुसऱ्यात मागणी काहीच नसते, पण कामाची जागाच नकोशी करून टाकली जाते. १९८०च्या अमेरिकन सरकारी नियमावलीत हा दुसरा प्रकार आला आणि त्यासोबत कसोटीही आली: वर्तन समोरच्या व्यक्तीला नकोसं होतं का, आणि त्याने तिच्या कामात अडथळा आला का?

नुसत्या शब्दांचं काय, हा पेच पुरता सुटायला १९९३ साल उजाडलं. टेनेसी राज्यात फोर्कलिफ्ट भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत टेरेसा हॅरिस व्यवस्थापक होत्या. कंपनीचा अध्यक्ष चारचौघांत म्हणायचा, तू बाई आहेस, तुला काय कळतंय. पगारवाढीबद्दल बोलायला हॉटेलात जाऊ या, असंही त्याने इतरांदेखत सुचवलं. आपल्या पँटच्या पुढच्या खिशातली नाणी काढायला तो ऑफिसातल्या बायकांना सांगायचा. वस्तू खाली टाकून त्या उचलायला लावायचा. १९८७च्या ऑगस्टमध्ये हॅरिस यांनी तक्रार केली, तेव्हा ‘मी गंमत करत होतो’ म्हणून त्याने माफी मागितली. सप्टेंबरात पुन्हा तेच. हॅरिस यांनी एका ग्राहकाचं काम मिळवलं तेव्हा त्याने सगळ्यांसमोर विचारलं, त्या गृहस्थाला शनिवारी रात्रीचं काही कबूल केलंस का? १ ऑक्टोबरला हॅरिस बाहेर पडल्या.

खालच्या न्यायालयाला हे शेरे आक्षेपार्ह वाटले, कुठल्याही समंजस स्त्रीला ते लागतील हेही मान्य होतं. पण हॅरिस यांच्या मानसिक स्वास्थ्यावर गंभीर परिणाम झालेला नाही, म्हणून छळ सिद्ध होत नाही, असा निकाल लागला. सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने उलटवला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिलं की बाई खचून कोलमडेपर्यंत कायद्याने थांबायची गरज नाही. शेरे किती वेळा आले, किती तीव्र होते, धमकावणारे होते की नुसते एखाद्या वेळी लागलेले, कामात त्यांनी व्यत्यय आणला का, हे सगळं मिळून पाहावं. एखाद-दुसरा फालतू शेरा त्यात बसणार नाही, हेही त्या निकालाने मान्य केलं. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी वेगळ्या टिपणात याहून नेमकं म्हटलं: काम करणं आधीपेक्षा अवघड झालं, एवढं दाखवलं तरी पुरे. कार्मिटा वुड यांना अर्जात जे लिहिता आलं नाही, ते जवळजवळ हेच होतं.

भारतात या रेषेचा जन्म वेगळ्या घराण्यातला. इथे १८६०च्या भारतीय दंडसंहितेचं कलम ५०९ होतं. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेला शब्द किंवा केलेले हावभाव हा त्यात गुन्हा. सगळा भर बोलणाऱ्याच्या हेतूवर. हेतू नव्हता असं म्हटलं की ते खोडून काढायचं ओझं तक्रारदार बाजूवर यायचं. ‘चेष्टेत म्हटलं’ या बचावाला इतकं बळ मिळालं त्यात या कलमाचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं.

हे बदललं ते राजस्थानातल्या भटेरी गावामुळे. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवींनी १९९२मध्ये एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला. त्या कामाचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. विशाखा आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या मात्र एक वेगळा प्रश्न घेऊन: बाई कामावर असताना तिचं संरक्षण कोणी करायचं? १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायमूर्ती जे. एस. वर्मा, सुजाता मनोहर आणि बी. एन. कृपाल यांच्या पीठाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्या तत्त्वांतली छळाची व्याख्या बरीचशी संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक समितीच्या १९९२च्या शिफारशीतून आली. स्पर्श, लैंगिक संबंधांची मागणी, अश्लील चित्रं दाखवणं यांच्याच पंक्तीला तिथे लैंगिक अर्थाची शेरेबाजी बसलेली होती. नकोसं असणं हा या सगळ्यांना बांधणारा धागा होता आणि हेतूचा उल्लेख व्याख्येत कुठेच नव्हता.

तत्त्वं झाली, पण समित्या बसल्या नाहीत. पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी एकेका प्रकरणाची हकिगत सांगणारं पत्र सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका करून घेतली. ऑक्टोबर २०१२मध्ये तिचा निकाल लागला आणि राज्य सरकारांपासून व्यावसायिक परिषदांपर्यंत सगळ्यांना त्या तत्त्वांच्या अंमलबजावणीचे आदेश मिळाले. २०१३मध्ये स्वतंत्र कायदा झाला, ज्याला आज ऑफिसांत ‘पॉश’ म्हणतात. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती, तक्रारीला तीन महिन्यांची मुदत, चौकशीला नव्वद दिवस. त्याच वर्षी दंडसंहितेत लैंगिक अर्थाची शेरेबाजी हा वेगळा गुन्हा झाला. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

तरी रेषा स्थिर झाली असं नाही. २०२५च्या जानेवारी आणि मार्चमध्ये आलेले दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. चेन्नईच्या एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत तीन स्त्रियांनी वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली होती. तो खुर्चीच्या मागे अगदी खेटून उभा राहायचा. एकीला त्याने कोटासाठी म्हणून अंगाची मापं विचारली, दुसरीला पाळीबद्दल विचारलं. हे आपल्या देखरेखीच्या कामात येतं, असा त्याचा बचाव होता. मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आर. एन. मंजुळा यांनी सांगितलं की इथे हेतूपेक्षा ते वर्तन समोरच्या स्त्रीला कसं पोचलं हे महत्त्वाचं. मुंबई उच्च न्यायालयासमोर एका खासगी बँकेतलं प्रकरण होतं. प्रशिक्षण सत्रात वरिष्ठाने सहकारी स्त्रीच्या लांब केसांवरून जेसीबीचा विनोद केला आणि केसांवरच्या एका जुन्या हिंदी गाण्याची ओळ म्हटली. समितीने त्याला दोषी धरलं, त्याचं पद खाली आलं. न्यायमूर्ती संदीप मारणे यांनी तो अहवाल रद्द केला. घडलेलं तसंच्या तसं धरलं तरी छळाचा हेतू दिसत नाही, आणि त्या वेळी तक्रारदार स्त्रीलाही तो छळ वाटला नव्हता, अशी दोन कारणं त्यात आहेत. दुसऱ्या कारणाशी मला वाद नाही. ते १९७४च्या प्रश्नाच्या घराण्यातलंच आहे. पहिलं कारण मात्र कलम ५०९च्या घराण्यातलं आहे, आणि समितीच्या चौकशीत ते पुन्हा शिरतं आहे याची काळजी वाटते.

कारण ही रेषा रोज आखली जाते ती समितीच्या खोलीत, आणि ती खोलीच अजून धड उभी नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीने चौकशी घाईने उरकली. प्राध्यापकाला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. त्याच निकालात समित्या देशभर खरोखर आहेत का, हे तपासण्याचे आदेश दिले. ३ डिसेंबर २०२४ रोजी त्याच प्रकरणात न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमा, स्थानिक समित्या स्थापन करा. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात, दवाखान्यात किंवा कुणाच्या घरी काम करणाऱ्या बाईला मालकाचा शेरा नकोसा झाला, तर तिने दाद मागायची ती याच स्थानिक समितीकडे.