मुरंब्यापासून परमपर्यंत

अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा गावी १९४६ साली विजय भटकर जन्मले. त्यांच्या 'परम' महासंगणकाची कथा बहुधा अशी सांगतात: अमेरिकेने क्रे हा महासंगणक नाकारला, म्हणून आपण आपला घडवला. ही कथा खोटी नाही, अपुरी आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा तो क्रे मिळाला नाही. पण मोसमी पावसाच्या अंदाजासाठी दिल्लीला क्रे एक्स-एमपी/१४ मिळाला, आणि त्यात प्रोसेसर एकच होता. १९८८ साली पुण्यात भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था सुरू झाली तेव्हा हाती तीन वर्षे आणि सुमारे तीस कोटी रुपये होते. तेवढ्यात तसा बलाढ्य प्रोसेसर घडवणे अशक्यच. भटकर आणि सहकाऱ्यांनी बाजारात मिळणारे छोटे प्रोसेसर एकत्र जुंपले, आणि १९९१ मध्ये ६४ प्रोसेसरांचा परम ८००० उभा राहिला. माझ्या मते त्या नकारापेक्षा ही निवड मोठी आहे.

छोटे प्रोसेसर जुंपण्याच्या या निवडीवर एक आक्षेप रास्त होता. हवामान, नदीचा पूर, विजेचे जाळे यांचे गणित क्षणाक्षणाने पुढे सरकते. आत्ताची स्थिती कळल्याशिवाय पुढची काढता येत नाही. कपाशीच्या वेचणीला दहा बाया लावल्या तर शेत लवकर उरकते, पण बोंड फुटायचे दिवस कमी होत नाहीत. संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवले होते की वाटता न येणारा भागच शेवटी वेगाला लगाम घालतो. मात्र वातावरणाच्या गणितात काळ वाटता आला नाही, तरी जागा वाटता येते. नकाशाचे चौकोन पाडायचे, एकेक तुकडा एकेका प्रोसेसरला द्यायचा, आणि दर टप्प्याला फक्त कडेचे आकडे शेजाऱ्याला कळवायचे. परममधल्या ट्रान्सप्युटर चिपला इतर चिपांशी थेट जोडणाऱ्या चार वाटा होत्या. या कामाला ती रचना चपखल बसली.

ट्रान्सप्युटर ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचा, मग यात आपले काय, असे विचारले जाते. आपली होती ती जोडणी, आज्ञावली आणि गणित वाटण्याची विद्या. त्या विद्येतही बंगळुरूच्या एनएएल या वैमानिक प्रयोगशाळेचा १९८६ मधला फ्लोसॉल्व्हर हा समांतर संगणक परमच्या आधीचा, हे श्रेय द्यायलाच हवे. चिप कालबाह्य झाली, विद्या टिकली. पुढे उष्णतेमुळे एकट्या प्रोसेसरचा वेग वाढवणे अवघड झाले, आणि २००५ पासून घरगुती संगणकांतही एका चिपवर दोन गाभे (कोर) येऊ लागले. पुण्याने पत्करलेली वाट तोवर साऱ्या जगाची झाली होती.

हा प्रवास जिथून सुरू झाला त्या वऱ्हाडातली कपाशी आजही मुख्यतः पावसावर आहे, आणि पावसाने दडी मारली की दुबार पेरणी ठरलेली. अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या साध्या लॅपटॉपमध्येही आता अनेक गाभे असतात. त्यांनी ही विद्या पूर्णा खोऱ्याच्या पावसासाठी राबवावी.