घोडेस्वारी : तोल कसा साधावा, काळजी काय घ्यावी?

आषाढी वारीत सोलापूर जिल्ह्यात खुडूस, वाखरी येथे माउलींच्या पालखीचे रिंगण होते. तिथे एका हाती पताका घेऊन घोडा पळवणारा स्वार लगामाला लोंबकळत नाही. त्याची मांड पक्की असते.

तोल कशामुळे राहतो?
अंतर्कर्ण, डोळे आणि स्नायू-सांधे यांच्याकडून येणारे संदेश मेंदू जुळवतो. म्हणून तोल सरावाने सुधारतो. घरी भिंतीजवळ एका पायावर 30 सेकंद उभे राहण्याचा सराव करा.

आधी जमिनीवर
घोड्याच्या खांद्याजवळून चाला, त्याला थांबवायला व वळवायला शिका. थेट मागे उभे राहू नका; तिथले त्याला दिसत नाही. दोरी हाताला गुंडाळू नका.

खोगिरावर
कान, खांदा, खुबा आणि टाच एका रेषेत ठेवा. नजर समोर असू द्या, श्वास रोखू नका. रिकिबीत फक्त चवडा ठेवा. हेल्मेट नेहमी घाला.

डॉक्टरांना आधी कोणी विचारावे?
गरोदर स्त्रिया, हाडे ठिसूळ झालेले, फिट्स येणारे, मणक्याचा त्रास असलेले, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे रुग्ण आणि डाउन सिंड्रोम असलेली मुले.

पडल्यास
मान दुखत असेल, हातपाय बधिर असतील किंवा शुद्ध हरपली असेल, तर रुग्णाला हलवू नका. 108 वर फोन करा. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास लगेच रुग्णालयात न्या. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर लक्षणांची वाट पाहू नका.